तुझ्यामागची पुस्तकं

मंगळवार, दुपार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचं डोकं अधूनमधून दुखतं, पण त्याचं कारण मी आहे असं ती म्हणते, म्हणजे काळजीचं काही नाही. मी हल्ली बराच वेळ बसून असतो. वयाला शोभतं.

हे पत्र क्लासच्या संगणकावर टंकतो आहे. घरचा फोन तुझ्या आईच्या ताब्यात असतो आणि आलं-गेलं सगळं ती वाचते. इथे मॅडमना वाटतंय, मी राहिलेला गृहपाठ करतोय.

क्लास वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतो. चित्र, आवाज, व्हिडिओ हे सगळं संगणकाच्या पोटात कसं राहतं ते शिकवतात. मी घरात जरा कमी दिसावं म्हणून तुझ्या ताईने नाव घातलं. मॅडम तुझ्याहून लहान आहेत. मला म्हणतात, काका, हात वर करून विचारा. जन्मभर शाळेत मी हेच सांगत आलो, तेव्हा तक्रार कुठे करणार.

पहिल्या दिवशी कळलं की फोटो म्हणजे ठिपके आणि प्रत्येक ठिपका म्हणजे आकडे. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, संगणकाला तुझा चेहरा नुसता आकड्यांत दिसतो. तिने विचारलं, त्यात वय धरतात का.

मग आवाज. बोलणं अखंड असतं. संगणक त्यातून ठरावीक अंतराने नमुने उचलतो, मधलं सोडून देतो, आणि तरी ऐकणाऱ्याला सगळं ऐकल्यासारखं वाटतं. हे मी तिला जेवताना समजावलं. ती म्हणाली, "तुम्ही माझं बोलणं असंच ऐकत आलात. फक्त मला कधी तुम्ही सगळं ऐकल्यासारखं वाटलं नाही."

व्हिडिओच्या धड्याने मात्र माझी झोप उडाली. चित्रात जे बदलत नाही ते संगणक पुन्हा पाठवत नाही. पलीकडे नुसतं कळवतो, मघासारखंच आहे. हललं तेवढंच नवं जातं. म्हणजे दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुझ्यासमोर गुपचूप बसायचो तेव्हा मी तुझ्यापर्यंत पोचतच नव्हतो. मघाचाच बाप पुढे चालू. म्हणून त्यानंतरच्या रविवारी मी सारखा हात हलवत होतो, मान वळवत होतो. तू आईला विचारलंस, बाबांना काही होतंय का. तिने मला कोपराने ढोसलं. पुढच्या क्लासला मॅडम म्हणाल्या, इतकं काटेकोर नसतं काका, मधूनमधून पूर्ण चित्रही जातं. हे आधी सांगायला हवं होतं.

नंतरचा धडा मागचा देखावा बदलण्याचा. संगणक माणसाची कड अंदाजाने कापतो आणि मागे हवं ते चित्र लावतो. केस, कान, हातातली वस्तू इथे त्याचा अंदाज चुकतो. असं चुकलेलं एक उदाहरण शोधून आणा, असा गृहपाठ होता.

परवा रविवारी तू चहा पीत होतास. कप तोंडाजवळ नेलास की कप नाहीसा व्हायचा. तू हवा पीत होतास आणि आई म्हणत होती, गरम आहे, सावकाश. तुझा डावा कान पुस्तकांत गेला, परत आला. ती पुस्तकं, ती खिडकी, कंपनीने तुला दिलेलं ते घर, सगळं ओळखीचं. मग तू खुर्ची सरकवलीस. कडेला चित्र फाटलं आणि क्षणभर लोखंडी खाट दिसली, तिच्यावर दुसरी खाट, आणि वरून लोंबणारा कुणाचा तरी पाय.

कंपनीच्या घरात कंपनीचा माणूस राहतो, इतकं गणित मला येतं. नोकरी कधी गेली ते विचारत नाही.

आज मॅडमनी विचारलं, उदाहरण कुणी आणलं. मी म्हणालो, मिळालं नाही. "काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत शून्य दिलं. मी घेतलं.

तुला बोलायला मला तोंड नाही. हल्ली मी फोनमध्ये छातीपर्यंतच दिसतो, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. खाली पाय प्लास्टरमध्ये आहे. कॉलच्या वेळी तुझ्या आईच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून दिवा वळवायला स्टुलावर चढलो होतो. क्लासला शेजारी गाडीतून सोडतात. तू रजा टाकून धावत येशील म्हणून आईने सांगू दिलं नाही. आता रजेची अडचण नसावी.

येत्या रविवारी मागचं चित्र काढून टाक. मी फोन खाली धरीन. वरच्या खाटेवरचे गृहस्थ जागे असतील तर त्यांनाही आमचा नमस्कार. आणि मग ये. तुझ्या खोलीत सध्या इस्त्रीचं टेबल आहे. ते हलवायला मला माणूस लागेल.

आईला मी अवाक्षर बोललेलो नाही. पण परवा कॉल संपल्यावर ती बराच वेळ काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. मग उठली आणि तुझी चादर धुवायला काढली. मी कारण विचारलं नाही.

चादर वाळली आहे.

बाबा