दाखला नको, बाई

बाई, मी रोह्याच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले हे तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही पेणहून मिळेल त्या गाडीने आला असता. तुम्ही आता हयात नाही, आणि यंदा पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं. का, ते लिहिते.

आठवीत असताना मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागे मिसरी लावत होते. घरात आई लावायची, तिचं बघून मीही लागले, आणि मग मिळाली नाही की डोकं ठणकायचं, हात थरथरायचे. वळून पाहिलं तर तुम्ही. मला वाटलं, आता वर्गासमोर उभं करणार. तुम्ही डबी मागून घेतलीत आणि एवढंच म्हणालात, "शनिवारी शाळा सुटली की तुझ्याबरोबर गडबला, तुझ्या घरी येते." आमच्या स्वयंपाकघरात आई तव्यावर तंबाखू भाजते आहे, घरभर उग्र धूर, आणि तुम्ही नाकाला पदर न लावता तिच्या शेजारी जमिनीवर बसता. आई म्हणते, "मिसरी हाय ती, बाई. दारू नाय काय." तुम्ही म्हणता, "मला एकटीला नाही जमायचं हो. शाळेत मी बघते, घरी तुम्ही बघा." मग आईलाच सोबत घेऊन हायवेवरच्या दुकानात गेलात. दुकानदाराला सांगितलंत, "ही कुणाच्याही नावाने तंबाखू मागायला आली तरी द्यायची नाही." असे चार शनिवार आलात. आईने घरात तंबाखू भाजणं बंद केलं, आणि माझी सवय सुटली. शाळेत कुणालाही काही कळलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत व्यसनमुक्तीच्या शपथेचा कार्यक्रम होता. पोलीस, डॉक्टर, सरपंच, पालक, सगळे मांडवात बसले होते. मीच भाषण केलं: शाळा आणि गाव एकत्र आले तरच मुलं वाचतील. टाळ्या पडल्या. त्याच वेळी शिपाईबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "नववीतली एक पोरगी बाथरूममध्ये पडलीय." जाऊन पाहिलं तर मुठीत रुमाल, त्याला व्हाइटनरचा वास, नशेसाठी हुंगतात तो, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर वीस पावलांवर मांडवात बसले होते, बाई. मी त्यांना बोलावलं नाही. पाहुणे जाईपर्यंत तिला शिपाईबाईंच्या खोलीत निजवून ठेवलं, दार लावून घेतलं. तिला काही झालं नाही, हे माझं नशीब.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली, कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करणारी, शिफ्ट टाकून. मी तिला 'बसा'ही म्हटलं नाही. शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. ती म्हणाली, "दाखला नको, बाई. काय करायचं ते सांगा, मी करते. मारू नका म्हणाल तर मारणार नाय, घरी बसा म्हणाल तर बसते." मी म्हणाले, "बाकीच्या मुलींचा विचार करावा लागतो." खरं तर मी शाळेच्या नावाचा विचार करत होते, आणि त्याहून जास्त माझ्या नावाचा. तिने सही करायला पेन मागितलं. तेवढं दिलं.

परवा शाळेची गणपतीची मूर्ती सांगायला पेणला गेले. कारखान्यात एक मुलगी मूर्तीच्या हाताला पॉलिश पेपर मारत बसली होती. तीच. मला पाहून उठली, हात पुसले, स्टूल पुढे केलं. "बसा, बाई." मी विचारलं, "कशी आहेस?" म्हणाली, "सुटलं बाई ते. आईने कँटीनचं काम सोडलं, माझ्याबरोबर हितंच लागली. रंगाच्या खोलीत वास असतो ना, तिथं मला पाऊल टाकू देत नाय. लई महिने जेवताना, जाता-येता, सारखी बाजूला." मी म्हणाले, बाहेरून दहावीला बसता येतं, फॉर्म मी भरून घेते. तिचा चेहरा एकदम उजळला. "आईला सांगा ना! आतच हाय ती, माती मळते. बोलावू?"

जे मी, डॉक्टर, सरपंच, सगळ्यांनी मिळून करायचं असतं, ते तिच्या आईने एकटीने केलं होतं. आणि ती फक्त एका भिंतीपलीकडे होती.

मी म्हणाले, "नको, माझी गाडी चुकेल."

गाडीला अजून तासभर होता, बाई.