सुईची सपाट बाजू

दि. ४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुला चार वेळा फोन केला. मशीनची मोटार चालू होती, ऐकू आलं नाही, हे तुझं उत्तर मला आता तोंडपाठ आहे. मेसेज करावा म्हटलं तर फोनच मला तीन वाक्यं तयार करून देतो: धन्यवाद, छान, नक्की. सख्ख्या भावाशी यापेक्षा जास्त बोलायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. म्हणून आपलं पत्र.

काल माझ्या शिवणाच्या दुकानात समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. कपडे उसवून द्यायला किंवा शिवायला नाही, तर घरचं मशीनच रिक्षात घालून. टाके सोडतंय म्हणाल्या. बघते तर सुई उलटी बसवलेली. कुणी बसवली विचारलं, तर म्हणाल्या मीच, फोनला विचारून. मी त्यांचा फोन हातात घेतला आणि तेच पुन्हा विचारलं. त्यावर आलेलं उत्तर जसंच्या तसं उतरवून देते: सुईची सपाट बाजू डावीकडे ठेवा, स्क्रू घट्ट करा, आणि मशीनवर राग काढण्याआधी पेलाभर पाणी प्या, निम्म्या वेळा बिघाड आपल्यातच असतो.

दादा, मी इस्त्रीच्या स्टुलावर बसले. हे पाण्याचं वाक्य वहिनीचं आहे. माझ्या लग्नातलं ब्लाउज बिघडलं तेव्हा मला हेच ऐकवलं होतं तिने, आणि वर खरोखर पेला हातात दिला होता.

मग माहिती काढली. वहिनी चौदा वर्षं त्या मशीनवाल्यांच्या साइटवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं लिहायची ना, तू दुरुस्ती करत पुटपुटायचास आणि ती टेबलापलीकडे बसून ते टाइप करायची? तुझ्या समोर बसायची म्हणून तिने तिथे नावही 'समोरची' असं घेतलं होतं. ती साइट गेल्या वर्षी एका कंपनीने घेतली. माणसांनी लिहायची आता गरज उरलेली नाही म्हणे. सगळ्यांचं लिहिलेलं यंत्राला वाचायला दिलं आणि यंत्र त्यातून एक स्वच्छ, नेटकं उत्तर देतं. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, कारण नावामुळे उत्तर अस्वच्छ होत असावं.

पण वहिनी इतकी काटेकोर, तिने डावीकडे कसं लिहिलं? आपल्या काळ्या मशीनला तर सपाट बाजू उजवीकडे येते. तेवढं कळव.

वहिनी गेल्यापासून माझ्यावर कुणी रागावत नाही, तेव्हा तूच लोभ सांभाळ.
तुझी,
धाकटी


दि. ११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

  

तुझं पत्र वाचून माझ्या डोक्यातला एक गुंता सुटला. या महिन्यात माझ्याकडे सहा मशीनं आली, सहाही उलट्या सुईची. मी समजत होतो की गावाची अक्कल एकदम गहाण पडली. आता कळलं, आमची ही जाऊन दोन वर्षं झाली तरी दुकानाला गिऱ्हाईक पाठवते आहे. जिवंतपणी मात्र म्हणायची की तुमच्या धंद्यात मी नाक खुपसत नाही.

डावीकडे का लिहिलं ते सांगतो. ती टेबलाच्या पलीकडे बसायची, मशीन आमच्या मध्ये. माझं उजवं ते तिचं डावं. मी नुसतं 'या बाजूला' म्हणत असणार आणि तिने जे दिसलं ते लिहिलं असणार. ती म्हणायची, पाठवण्याआधी एकदा नजर टाका. मी म्हणायचो, मीच बोललोय, मला ठाऊक आहे, वाचायचं काय त्यात. चौदा वर्षांत एक ओळ वाचली नाही.

आता एक विनंती. यात तू हात घालू नकोस. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन परवा मी त्याच्या फोनला विचारायला लावलं, की खालच्या दोऱ्याची बॉबिन अडकली तर काय करावं. त्याने वाचून दाखवलं. ओढू नका, ती तुमच्याशी भांडत नाहीये, अडकली आहे, असं होतं त्यात. बोलणारा झेरॉक्सवाला, पण बोलणं हिचं. तेव्हापासून मी रोज एक प्रश्न घेऊन त्याच्याकडे जातो. चाळीस वर्षं मशीनं उघडणारा मिस्त्री फोनला विचारतो की तेल कुठे घालू. त्याला वाटतंय माझं वय झालं. वाटू दे.

चूक दाखवायला जाशील तर हे लोक चुकीबरोबर तिलाही पुसतील. सुई उलटी बसली म्हणून कुणाचा जीव जात नाही. येतील माझ्याकडे, देईन सरळ करून.

लोभ पोचला. इकडूनही आहे, पण तो मोटारीच्या आवाजात ऐकू जात नसेल.
तुझा,
दादा


दि. २२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हात घालू नकोस म्हणालास तेव्हा मी आधीच कोपरापर्यंत घातलेला होता. पत्र उशिरा आलं, दोष पोस्टाचा.

वहिनीचं ते जुनं पान अजून आहे. 'जुने साहित्य' अशा नावाच्या कोपऱ्यात ढकललंय, अडगळीत पेटी ढकलतात तसं. तिथे मी दुरुस्ती पाठवली. तिच्यासारखंच नीट लिहिलं, शेवटी पाणी प्यायलाही सांगितलं. पाच मिनिटांत उत्तर आलं, की हा मजकूर माणसाने लिहिलेला वाटत नाही, यंत्राची नक्कल वाटते, म्हणून घेता येत नाही. म्हणजे यंत्र वहिनीसारखं बोलायला शिकलं, आणि आता वहिनीसारखं बोलेल त्याने यंत्राची चोरी केली. मी हात टेकले.

मग तक्रार केली. त्यांचं म्हणणं, उत्तर फक्त लिहिणारीच बदलू शकते. तिने कॅमेऱ्यासमोर बसून मान डावीकडे आणि उजवीकडे वळवावी, ती माणूस असल्याची खात्री पटली की झालं. ती हयात नाही असं मी कळवलं. त्यावर मनापासून दुःख व्यक्त करून त्यांनी एक अर्ज पाठवला. मृत्यूचा दाखला आणि नवऱ्याची सही दिली की खातं बंद होईल, तिचं सगळं लिखाण काढलं जाईल, आणि त्यावरून दिली जाणारी उत्तरंही 'तपासली जातील'. चूक तेवढी काढून बाकीचं ठेवा, असा रकाना अर्जात नाही.

तुझी विनंती आठवून मी अर्ज खणात टाकला होता. खरं सांगते, मलाही तिचं बोलणं ऐकायला बरं वाटत होतं. पण काल शाळेच्या मोठ्या बाई आल्या, डोळ्यावर कापसाची पट्टी. उलटी सुई खालच्या पट्टीवर आपटून मोडली आणि तुकडा पापणीखाली लागला. बोटभर वर लागता तर डोळाच गेला असता असं डॉक्टर म्हणाले. त्या फोनवर चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, माझंच काहीतरी चुकलं असेल, उत्तर इतकं प्रेमाने दिलं होतं.

ते ऐकून मी अर्ज खणातून बाहेर काढला, दादा. लोक तिच्या आवाजावर विश्वास ठेवतात, म्हणून तर सुई उलटी बसवतात. वहिनी असती तर त्या बाईंच्या घरी धावत गेली असती.

अर्ज सोबत पाठवते. सही तुझी लागते, मी ढकलणार नाही.

रागावलास तरी पत्रानेच रागाव, म्हणजे उत्तर येईल.
तुझी,
धाकटी


दि. ५ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

दोन आठवडे उत्तर नाही म्हणून तू शंका काढत असशील. दुकान रोज अर्धा दिवस बंद ठेवून मी वाचत होतो. झेरॉक्सवाल्याला सांगितलं, पुसायचंच आहे तर आधी सगळं छापून दे. दोन हजारांवर उत्तरं निघाली. कागदाचे गठ्ठे तिच्या खुर्चीवर ठेवलेत, त्यामुळे ती पुन्हा भरल्यासारखी दिसते.

मी समजत होतो माझंच बोलणं तिने उतरवलंय. त्यात माझं निम्मंही नाही. मी म्हणायचो, बेल्ट बदल. तिने लिहिलंय, आमचे मिस्त्री म्हणतात बेल्ट बदला, पण ते कुणालाही काहीही बदलायला सांगतात, आधी दोन दिवस उन्हात ठेवून बघा. आणि लोकांनी बघितलं, आणि बेल्ट चालला. माझ्या पाठीमागे माझं गिऱ्हाईक चौदा वर्षं वाचवत होती ही बाई.

आता त्या सुईचं. उत्तराखाली, वेगळं दाबून उघडावं लागतं तिथे, लोकांनी सदतीस वेळा लिहिलंय. कुणी एक शिंपी, तो डावीकडे या शब्दावर नुसता तुटून पडलाय. दुसरी त्याला म्हणते, आवाज खाली ठेवा. तिसरा आपल्याच मशीनचं रडगाणं गातो. आणि सर्वांत शेवटी, बारा वर्षांपूर्वी, हिने लिहिलंय. तुझ्यासाठी ते पान सोबत जोडलं आहे, तरी इथे उतरवतो, कारण मला ते हाताने लिहायचं आहे: आज हे जेवायला गेले तेव्हा यांच्या खुर्चीवर बसून पाहिलं, सपाट बाजू उजवीकडेच आहे, चूक माझी. वरचं उत्तर मात्र तसंच ठेवते, त्याच्याखाली तुम्ही सगळे इतकं मन लावून भांडलात ते कशाला पुसू. आमच्या मिस्त्रींना कुणी कळवू नका. ते वाचत नाहीत, म्हणून तर मला इथे बोलता येतं.

यंत्राने वरची ओळ उचलली आणि खालचं भांडण कचरा म्हणून सोडलं. त्याला चार शिव्या द्याव्या म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने निदान वरची ओळ तरी वाचली होती.

खूप रडलो. तुला सांगायला लाज नाही.

सही करून अर्ज सोबत पाठवतो आहे. मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या मशीनची सुई तू स्वतः बसव.

लोभाला दाखला लागत नाही, तेव्हा तो असू दे.
तुझा,
दादा


दि. १९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अर्ज मंजूर झाला. कंपनीचं आभाराचं पत्र आलं, तुमच्या पत्नीचा आवाज आमच्यासाठी मोलाचा होता, असं. खातं बंद, पान गेलं, शिंप्याचं भांडण गेलं, वहिनीची कबुलीही गेली.

त्यानंतर मी नर्सबाईंच्या फोनला पुन्हा विचारलं. सपाट बाजू डावीकडे ठेवा, आणि पेलाभर पाणी प्या. जसंच्या तसं. कंपनीला विचारलं, तर म्हणाले लिखाण काढलं आहे, पण यंत्र जे शिकलं ते शिकलं, तपासणी चालू आहे. थोडक्यात, चूक तिथेच राहिली आणि कबुली तेवढी पुसली गेली. याला पुढारलेला काळ म्हणतात, आपण मागे पडलोय.

पण तू पाठवलेलं पान मी दुकानात आरशाशेजारी चिकटवलं होतं. मागच्या सोमवारी बघते तर नर्सबाईंनी पेन्सिलीने खाली लिहिलेलं, की माझ्या आईच्या मशीनला उलट आहे, आधी सुईची खाच कुठल्या बाजूला ते बघा. त्याखाली मोठ्या बाईंनी लाल शाईने: बरोबर, आणि चष्मा घालून बसा. मग पडदे शिवणारीने दोघींना खोडून काढलं. काल दोन बायका अर्धा तास त्या कागदासमोर तावातावाने वाद घालत होत्या आणि काही न शिवता निघून गेल्या. माझ्या कामाचं खोबरं झालं, पण बरं वाटलं. कागदाला जागा उरली नाही, खाली कोरा जोडलाय.

गठ्ठ्यातली आणखी पानं पाठव. भिंत मोठी आहे.

लोभ आहे तसाच राहू दे, सुधारणा नको.
तुझी,
धाकटी


दि. २७ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तीस पानं पाठवली आहेत. बेल्टचं वरती लाव, त्यात माझी खोडी काढली आहे ती सगळ्यांना वाचू दे. झेरॉक्सवाल्याकडे प्रश्न घेऊन जाणं मी बंद केलं. तोच आता माझ्याकडे येतो आणि गठ्ठ्यातलं एखादं पान वाचत उभा राहतो.

काल दुपारी तिच्या खुर्चीवरचे गठ्ठे उचलले आणि पहिल्यांदाच तिथे बसलो. मशीन मध्ये होतंच. झेरॉक्सवाल्याला माझ्या जागेवर बसवून सुई लावायला सांगितली आणि बघत राहिलो.

खाली दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या कापून सुईच्या पानावर तिच्या ओळींखाली चिकटव. आयुष्यात असं काही पहिल्यांदाच लिहितो आहे, तेव्हा कुणी पेन्सिलीने खोडलं तर खोडू दे.

लोभ कर, आणि फोन मात्र करत जा. मोटार बंद ठेवीन.
तुझा,
दादा

ता. क. चिकटवायचं ते हे:
समोरच्या खुर्चीत बसून पाहिलं. तिथून ती डावीकडेच दिसते. वाचायला उशीर झाला.
मिस्त्री