एकोणिसांपैकी कोणतं?

वासणा रोड, बडोदे
१६ नोव्हेंबर २००३

ती. मुकुंददादास,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा धुळ्याच्या थंडीत डोकं वर काढत नाही ना? इकडे सर्व खुशाल आहे, म्हणजे चारुलता आहे. तुझ्या या मावसभावावर मात्र एक अन्याय चालू आहे, आणि त्याची कुठेतरी लेखी नोंद असावी म्हणून हे पत्र. गेले अकरा दिवस मला स्वतःच्या घरातल्या बाथरूममध्ये एकांत मिळालेला नाही. मी आत नळ सोडून घसा साफ केला की बाहेर बांगड्या वाजायच्या थांबतात. (बांगड्या वाजत असल्या की बायको काम करत असते, थांबल्या की ऐकत असते. हे ज्ञान तुला फुकट.)

कारण असं की, येत्या तीस तारखेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात आणि माझा मेहुणा सलील याने अलकापुरीतल्या एका हॉटेलात जेवण ठरवलं आहे. इथवर तक्रार नाही. पण हा इसम सिंगापूरहून कॅराओके नावाचं यंत्र घेऊन आला आहे. त्यात वाजंत्री असते, गाणारा नसतो. तो नातेवाइकांतून पकडायचा. चारुलताने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "हे मला बघायला आले होते ना, तेव्हाचं गाणं म्हणतील. दुसरं नको." सलीलने माझं नाव लिहून घेतलं आणि डोळा मारला. डोळा का मारला? याला काय माहीत आहे?

आता तुझ्यापासून काय लपवायचं! आपण दोघं मुलगी बघायला गेलो तो दिवस आठव. सासरे संस्थानच्या काळात शिक्षण खात्यात लागून रिटायर झालेले, वर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; मुलगी गाते तर मुलानेही गायलाच हवं, हा त्यांच्या घरचा कायदा. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला, शेजारून तू सुरू झालास, आणि सोफ्यावरच्या दोन पांढऱ्या सदऱ्यांतला फरक न कळून सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून पुकारा केला की मुलगा गळ्याचा गोड आहे. आत चारुलता होती. तिने त्या आवाजावर होकार दिला. मी दुरुस्ती करणारच होतो. पण साखरपुडा, लग्न, बारशी, यांत योग्य वेळ म्हणून सापडली नाही.

परवा सलीलकडे तालीम झाली. यंत्रात मराठी गाणी सगळी मिळून एकोणीस. चाचणीपुरतं एक निवडून मी डोळे मिटले, आलाप घेतला आणि यंत्र समेवर माझी वाट बघेल अशा विश्वासाने सावकाश परतलो. आपल्या बडोद्यात तबलजी गायकासाठी थांबतो. नाही थांबला तर निदान खाकरतो. डोळे उघडले तर यंत्र दुसऱ्या कडव्यात! वर ते गुण देतं. मला शंभरात सतरा. (मधे कुकरची शिट्टी झाली, त्यातले तिचे किती, देव जाणे.) सलील म्हणाला, "जिजाजी, टेन्शन नहीं लेवानुं! ताईला भावना पोचली म्हणजे बस." एवढी सहानुभूती या माणसाने मला कधीच दाखवलेली नाही. नोंद घ्यावी.

तेव्हापासून मी चहाच्या वेळी एकेका गाण्याचा मुखडा सहज बोलण्यात पेरतो आणि तिचा चेहरा बघतो. विरहगीताला तिने साखर कमी पडली का विचारलं. नाट्यगीताला उठून खिडकी लावली. पाळण्याला मात्र डोळे पाणावले आणि मला घाम फुटला. दादा, मुलगी बघायला जाऊन तू पाळणा तर म्हटला नव्हतास ना? मग लक्षात आलं, ती कांदा चिरत होती. पण पाच वाजता कांदा कशाला? आता तर वाटतं, तिलाही गाणं आठवत नाही आणि ही निव्वळ परीक्षा आहे. पण आठवत असलं, आणि मी पन्नास नातेवाइकांदेखत भलतंच सुरू केलं, तर पंचवीस वर्षांची लबाडी माइकवरून उघडी पडेल.

असो. हे सगळं केवळ खुशालीपुरतं कळवलं. तुझ्याकडून कसलीही अपेक्षा नाही.

तुझा,
नारायण

ता. क. : सहज आठवलं म्हणून विचारतो. ते गाणं कोणतं होतं? उत्तर पोस्टकार्डावर नको, पोस्टमन कार्ड तिच्याच हातात देतो. कुरिअरने, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर.

आणखी एक ता. क. : डिंक शोधत होतो, तेवढ्यात ती आली. "कोणाला पत्र?" एवढंच विचारलं आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. ती खुर्चीत बसली. "म्हणजे तुम्हाला गाता येतच नाही?" मी म्हटलं, नाही. "एवढंच होतं?" मग डिंकाची बाटली शोधून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "लग्न झाल्यावर एकदासुद्धा गायला नाहीत. मला वाटायचं, मी मनातून पसंत नव्हते." पंचवीस वर्षं, दादा! आणि या घरात संशयी म्हणून मी फक्त स्वतःलाच ओळखत होतो.

गाणं तिला आठवतं. न अडखळता सांगितलं. तुला तीस तारखेला इथे आल्यावर कळेल. मी सलीलला फोन करून माझं नाव काढायला लावलं, तुझं घालायला सांगितलं, आणि तेव्हाही तूच गायला होतास हे त्याला दोनदा ऐकवलं.