बांधावरची बावची

जानेफळ, रविवार संध्याकाळ

माझ्या चुलत भावानं, सुधाकरदादानं, बांधावरच्या बावचीच्या रानझुडपांवर तणनाशक मारलं. माझ्या प्रयोगाच्या अळ्या तिच्यावरच वाढत होत्या. लिंबूफुलपाखराच्या एका मादीच्या अळ्या बावचीवर जोमानं वाढतात, दुसरीच्या लिंबावरच जगतात. हा फरक आईकडून येतो का, हेच शोधत होते. बावचीवरच्या सगळ्या मेल्या.

"दादा, काऊन मारलं?"

"तण व्हतं ते. तुले अळ्या पाळाले कोनं सांगतलं?" तो हसला.

ते हसणं डोक्यातून जात नाही. मी तिथं पाटी लावली होती, त्यानं वाचली होती. तरी हसला.

घरच्या जाळीत लिंबावर वाढलेली फुलपाखरं तेवढी उरली. बांधापलीकडे दादाची लिंबाची रोपवाटिका, अळ्या फस्त करतात तशा कोवळ्या पालवीची. आज जाळी तिथं नेऊन उघडली. माझा उरलेला प्रयोगही त्यांच्याबरोबर उडाला, ठाऊक आहे.

एका मादीनं पहिल्याच रोपावर पोट वाकवलं. पानावर पिवळसर अंडं. मला वाईट वाटायला हवं होतं का? ती पुढच्या रोपावर गेली तसं मी रिकामी जाळी उचलली, घरी आले आणि पोटभर जेवले.