घासलेल्या दगडांची हकिकत

सावेडी, अहिल्यानगर
सोमवार

श्री. सोपानराव यांस गोरक्षनाथचा सप्रेम नमस्कार.

आपण, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. पाथर्डीकडे पाण्याचं कसं काय? शेळ्या व्याल्या का? इकडे मी ठीक, आपल्या भगिनी आरती ठीक, आणि आपल्या आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अगदी उत्तम झालं. डॉक्टर म्हणाले, आता यांना भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसेल. (ते हसत म्हणाले. आम्हीही हसलो. हसायला नको होतं.) हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आमच्याकडे रेंज फक्त हॉलमध्ये येते आणि आईही हॉलमध्येच बसतात. म्हणून हा पत्राचा खटाटोप.

हॉलमधली निकिताची समुद्राची टाकी आपण पाहिली आहेच. खारं पाणी, दोन नारंगी मासे आणि फुलासारखं उघडमीट करणारं एक प्रवाळ. पोरगी समुद्राचं शिक्षण घेते आणि सध्या प्रशिक्षणासाठी रत्नागिरीला आहे, त्यामुळे टाकी माझ्या गळ्यात. आता एवढी मोठी टाकी म्हटल्यावर पाणी गाळायचं यंत्र असायला हवं की नाही? ते नाही. निकिताचा हट्ट असा की समुद्रात कुणी यंत्र बसवलेलं नाही. तिच्या टाकीतल्या दगडांच्या छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते माशांची घाण पचवतात. वाळूत बारीक किडे असतात, ते खालचं साफ करतात. मागच्या कप्प्यात बल्बखाली केसांच्या गुंत्यासारखं हिरवं शेवाळ वाढतं, ते उरलंसुरलं शोषून घेतं. गोगलगायी काच चाटतात. थोडक्यात, जे जे घाण दिसतं तेच साफसफाई करतं. जाताना तिनं मला बजावलं होतं, "पप्पा, चिमूटभर खाणं टाका, आटलेलं पाणी भरा, आणि आत हात घालू नका." मी शाळेत भूगोल शिकवतो. पाचही महासागर फळ्यावर सांभाळतो, तेव्हा एवढा समुद्र सांभाळणं मला अवघड वाटलं नाही.

तर आईंच्या डोळ्याची पट्टी निघाली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत, आरती ऑफिसात. काळा गॉगल लावून आई टाकीसमोर बसल्या आणि आयुष्यात प्रथमच त्यांना ते दगड नीट दिसले. तपकिरी, जांभळे, बुळबुळीत. त्यांना वाटलं, पोरगी परगावी गेल्यावर बापानं टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. (या मतात थोडं तथ्य होतं, पण ते असो.) माउलीनं हाताला आले तेवढे दगड बाहेर काढले, कपड्यांच्या ब्रशानं घासले, वरून उकळतं पाणी ओतलं आणि गच्चीवर वाळत घातले. शेवाळ उपसलं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं सांगितलं होतं ते निराळंच. मी घरी आलो तर दारातच म्हणाल्या, "पाव्हणं, बघा की! पोरगी यायच्या आत कसं लख्ख करून ठिवलं!"

मला तेव्हाही काही कळलं नाही. मी "वा" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे वर येऊन धापा टाकत होते आणि प्रवाळ वाळक्या लिंबासारखं आकसलं होतं. पाण्यातलं विष तपासायची एक बाटली असते. नळीतल्या पाण्यात तिचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर ठीक, हिरवं झालं तर संकट. मी म्हणालो पिवळं. आरती म्हणाली हिरवं. मग आमचं टाकीशी संबंध नसलेल्या बऱ्याच विषयांवर भांडण झालं. शेवटी आईंनी नळी हातात घेऊन खिडकीपाशी धरली. "हिरवं हाय. कोवळ्या हरभऱ्यावानी. का वो, हिरवं वंगाळ असतंय व्हय?"

सांगावं लागलं. चहा तसाच ठेवून त्या खाली बसल्या. "म्हंजी मी मारलं पोरीचं लेकरू," एवढंच म्हणाल्या. सोपानराव, आईंना गप्प बसलेलं मी लग्नापासून पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यापेक्षा ते सहन करणं अवघड.

मी सुचवलं की निकिताला काही कळवू नये. पुण्याहून तसलेच दोन मासे आणून सोडावेत. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच सोडला. "फोन लावा. माझ्या हातानं झालंय, माझ्या तोंडानं सांगते." सांगितलं. तिकडून निकितानं एवढंच विचारलं, "आज्जी, ते हिरवं शेवाळ कुठं फेकलंस?"

"फेकतीय कशाला? हिरवं कुनी फेकतं व्हय? त्याच पान्यात बादलीत ठिवलंय. सोपानाच्या शेरडांना धाडावं म्हनलं."

पोरगी फोनवरच हसायला लागली, आणि मग रडायला.

शेवाळ तिथंच होतं, बाथरूमच्या कोपऱ्यात, खाऱ्या पाण्यात, ताजंतवानं. ते परत कप्प्यात गेलं. तळाचे दगड जड म्हणून आईंना हलले नव्हते, ते जिवंत होते. वाळूला हात लागला नव्हता. घासलेले दगड मात्र इतक्यात घालायचे नाहीत, त्यांच्यातलं मेलेलं आणखी कुजेल, असं निकिता म्हणाली. मग रोज मी शुद्ध पाण्याचे जार जिन्यानं चढवले, आरतीनं मीठ कालवलं, थोडं जुनं पाणी काढून थोडं नवं घातलं. माशांचं खाणं बंद ठेवायचं होतं, तर आईंनीही ताट सरकवलं. आरती ओरडली तेव्हा कुठं अर्धी भाकरी खाल्ली.

हळूहळू नळीतला हिरवा रंग फिका झाला आणि एके दिवशी तिघांनीही पिवळा म्हटलं. (आमच्या घरात हे प्रथमच.) काल सकाळी मी दाढी करत होतो, तोच आईंची हाक आली, "पाव्हणं, पळा! फुललं बघा!" तसाच फेसाच्या तोंडानं धावलो. प्रवाळ पुरतं उघडलं होतं आणि दोन्ही मासे त्यात घुसून लोळत होते. आई हसल्या, डोळे पुसले (पुसायचे नसतात), आणि लगेच फरशीवर साबण सांडल्याबद्दल मला बोलल्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आज डॉक्टरांनाही डोळा दाखवून आणला. कसलीही इजा नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गोरक्षनाथ

ता. क. आपण रविवारी जीप घेऊन आईंना न्यायला येणार, असं ऐकतो. कृपा करून येऊ नका. शेतात काम नाही, घरी सगळं व्यवस्थित आहे, असं काहीतरी फोनवर त्यांना सांगा. निकिता यायला अवकाश आहे. आमचं पिवळ्या-हिरव्यावर पुन्हा जुंपलं तर निवाडा करायला घरात कुणी नको का? मी असं लिहिलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

ता. क. २. पाकीट चिकटवता चिकटवता आरतीनं सांगितलं की आईंनी सकाळीच आपल्याला फोन करून रविवारी येऊ नको म्हणून कळवलंय. तेव्हा पत्राची गरज उरलेली नाही. तरीही टपालात टाकतो आहे, कारण त्या फोनवर दगड मी घासले होते आणि मासे आईंनी वाचवले, असं आरतीच्या कानावर आलं. माझी बाजू कुठेतरी लेखी असलेली बरी.