अळणी कालवण

घणसोली, बुधवार, संध्याकाळ. सांगते मी, लिहिते नात.

आज सूनबाईला, सुनंदाला, डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हा फरक कधीपासून?" माझा मुलगा, तिचा नवरा, पंख्याकडे बघत बसला. मला मात्र सगळं पाठ. गणपतीपासून कालवण अळणी. तेव्हा मी म्हणाले होते, "मिठागरं गेली, आता घरातलं मीठ पन सरलं काय गो?" दिवाळीपासून केस विंचरत नाही, तर तिला झिपरी म्हणाले. शेजारच्या हळदीला नाचायला उठली नाही, तेव्हा महाराणी. बाई एकेक लिहून घेत होत्या. म्हणाल्या, हे नखरे नाहीत, डिप्रेशन आहे.

म्हणजे ज्याला ज्याला मी टोमणे मारले, तोच तिचा आजार. सगळं मीच बघत होते, आणि मलाच कळलं नाही?

नात विचारते, "आजी, हे पण लिहू?" लिही. तुझ्याच आईचं आहे.

आत्ताही कालवण अळणीच होतं. मी गप जेवले. सुनंदा माझ्या ताटाकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, आता तुमी पन माझ्याशी बोलनार नाय काय?"