फुटामागे एक सूत

काळेवाडी,
रविवार, २४ सप्टेंबर १९७८

तीर्थस्वरूप सयाजीमामांच्या चरणी भाचा नंदकिशोर याचा काळेवाडीहून साष्टांग नमस्कार. इकडे मी आणि पद्मा खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे आणि सोजरामामींचा खोकला गेला का, ते सविस्तर कळवावे. (मागच्या तीन पत्रांत हेच विचारलं होतं. तिन्हींची उत्तरं मामींनी दिली. गुडघा तुमचा, पण त्याची हकीकत मामींच्या अक्षरात वाचावी लागते.)

मामा, नऊ वर्षांपूर्वी तासगावचं तुमचं दुकान सोडून मी इकडे कंपनीत निघालो, तेव्हा भजनी मंडळाच्या वीणेचा भोपळा मांडीवर घेऊन तुम्ही एकच वाक्य बोलला होतात. "जा. पण वाजणारं लाकूड तुझ्या हातनं व्हायचं न्हाई." त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत. तरी कळवण्यास अत्यंत अभिमान वाटतो की तुमच्या भाच्यानं स्वतःच्या हातानं एक बेस गिटार बनवली आहे. बेस गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रात मागच्या बाजूला एक जण गंभीर चेहऱ्यानं उभा राहून वाजवतो ते वाद्य. चार जाड तारा, लांब दांडी, आवाज कानाआधी पोटात पोचतो. भोपळा नसतो. (नाक मुरडू नका. आवाज विजेवर येतो.)

झालं असं, की आमच्या कामगार मंडळाचा ऑर्केस्ट्रा निघाला. ड्रॉइंग ऑफिसातला गुरुदत्त ही गिटार वाजवायला शिकून बसला होता, पण वाद्याचाच पत्ता नव्हता. मुंबईहून आणायची म्हटल्यावर मंडळाच्या बैठकीत सगळे चहाच्या कपात बघू लागले. तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, मी करतो. सयाजी सुतारांच्या दुकानात वाढलेला माणूस वाद्याला भीत नाही, असंही म्हणालो. (तुमचं नाव न विचारता वापरलं, माफी असावी.)

आता आमचं काम काय, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगतो. मशीनचा जो भाग लोखंडाचा हवा, तो आम्ही पॅटर्न शॉपवाले आधी सागवानात हुबेहूब घडवतो. फाउंड्रीतले मोल्डर त्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्या पोकळीत रस ओततात. लोखंड निवताना आकसतं, म्हणून आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत (तुमचंच माप, इंचाचा आठवा भाग) मोठा. शिवाय लाकूड वाळूतून अलगद निघावं म्हणून कडांना किंचित उतार द्यायचा, कोपरे गोल करायचे. आणि शेवटी रंग : जे ओतल्यासारखंच राहणार ते लाल, जिथे नंतर मशीन फिरणार ते पिवळं. नऊ वर्षांत हे हातात इतकं मुरलंय, की पद्माला पोळपाट करून दिला तोही उतारासकट झाला. पोळी लाटताना तो गोल फिरतो.

गिटारही तशीच झाली, हे ओघानं आलंच. आकार मी कुणाचा उचलला नाही. बाजारच्या गिटारीला कंबर असते, माझीला खांदे आहेत. पाठ सपाट, कडांना उतार, अंग लालभडक, आणि दांडीवर जिथे पितळेचे पडदे बसायचे ती पट्टी पिवळी. (रंग डब्याच्या तळाचा उरलेला होता, साहेबांना विचारून घेतला.) पडद्यांच्या खाचा आमच्या पट्टीनं मोजून केसभर खोल आखल्या आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत ती वाळत ठेवली. कुठे ठेवली, तर फाउंड्रीला द्यायच्या मालाच्या मांडणीवर, कारण वारा तिथेच लागतो.

दुसऱ्या दिवशी आलो तर मोल्डर ज्योतीराम माझी वाट बघत उभा. हा कुरुळीचा, जुन्या घरचा, वाळूतला देवमाणूस. त्याच्या पायाशी गिटार होती. लोखंडाची. एकतीस किलो.

मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "राव, लाल हाय, पिवळं हाय, उतार हाय, मांडणीवर हाय. मग वतलं. वतायचं न्हाई तर रंगवलंत कशापायी?" मामा, खरं सांगतो, रागवायला म्हणून मी खाली बसलो आणि त्या लोखंडावरून हात फिरवत राहिलो. एक फोड नाही, एक भोक नाही, पडद्याची रेघन् रेघ उठलेली. ज्योतीराम म्हणाला, असं निगुतीनं वाळूतून सुटलेलं पॅटर्न त्यानं वीस वर्षांत पाहिलं नाही. मला गहिवरून आलं.

लाकडाची गिटार सुखरूप होती. रविवारी घरी बसून तिचे पडदे ठोकले, तारा ओढल्या, मोटारी भरणाऱ्याकडून गुंडाळून आणलेलं, तारांचा आवाज उचलणारं कॉइल बसवलं आणि तारा टेकायची घोडी जागेवर लावली. गणेशोत्सवात पाचव्या दिवशी, संध्याकाळी, कंपनीच्या आवारात ती सर्वांसमोर आली. मतं दोन पडली. बघणाऱ्यांना ती फार आवडली. ऐकणाऱ्यांना कमी आवडली. पहिल्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, गणपतीच्या मखराला शोभते. गायकाचं म्हणणं पडलं की गुरुदत्तचा हात दांडीवरून जसजसा खाली उतरतो तसतसा सूर चढत जातो, आणि तिसऱ्या गाण्यानंतर त्याला स्वतःचं नाव सांगतानाही पट्टी सापडेना. (गुरुदत्तची बोटं अजून कच्ची आहेत, असं मी ठिकठिकाणी सांगितलं आहे.)

दुसऱ्या दिवशी ज्योतीरामनं चेष्टेत म्हणून त्याच तारा, तेच कॉइल आणि तीच घोडी त्या लोखंडी गिटारीवर चढवली. खाचा करवतीनं कापून त्यानं पडदे आधीच ठोकले होते. घोडी कुठे लावायची, तो आकडा मीच दिला. ती गळ्यात घालणं शक्य नव्हतं. गुरुदत्तनं घालून पाहिली आणि तो सर्वांना वाकून नमस्कार करून तसाच राहिला. शेवटी कँटीनच्या टेबलावर आडवी ठेवून वाजवली. स्टीलची ताटं आपोआप थरथरत होती आणि सूर असा, की गायक डबा सोडून उठून आला. आता मंडळात उभे दोन तट आहेत. अर्धे म्हणतात ऑर्केस्ट्रात लोखंडाचीच हवी, अर्धे म्हणतात मग ती टेम्पोतून उतरवणार कोण. लाकडाच्या बाजूनं मी आणि पद्मा. लोखंडाला सूर मुळातच बरा लागतो, असं काहीतरी शास्त्र असावं. एकंदरीत माझ्या कामाचा बोलबाला आहे आणि काळजीचं कारण नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
नंदकिशोर

ता. क. : शास्त्र वगैरे काही नाही. परवा मी कंपनीची पट्टी घरी आणली. पद्मानं सहज तिच्या शिवणाच्या टेपशेजारी ती ठेवली आणि विचारलं, ही लांब का. पडदे मी कंपनीच्या पट्टीनं आखले होते, घोडीची जागा रविवारी घरी पद्माच्या टेपनं मोजली. चौतीस इंचांत जवळजवळ तीन सुतांचा घोळ. लोखंड निवताना नेमकं तेवढंच आकसलं आणि ज्योतीरामनं घोडी साध्या टेपनं लावली, म्हणून ते सुरात आहे. गुरुदत्तच्या बोटांची मी माफी मागितली.

दुसरा ता. क. : तेव्हा तुमचा शब्द खरा झाला, लाकूड माझ्या हातनं वाजलं नाही. पण मामा, लोखंड वाजलं. ते तुमच्या दुकानातही कुणाला जमलेलं नाही, एवढं मान्य करा.

तिसरा ता. क. : घोडी आता परत लाकडी गिटारीवर आहे; ती तीन सूत मागे सरकवणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि ते मला येतं. दोन दिवस झाले, मी सरकवलेली नाही. ती तुमच्या हातानं सरकावी असं मनात आहे. दिवाळीला या. स्टँडवर मी घ्यायला येईन. येताना तुमची फूटपट्टी आणा, आमच्या घरात आता दोन आहेत आणि दोन्हींवर माझा भरवसा उरलेला नाही.